पोतं, जाळी आणि पंचनामा

पोतं साखरेचं होतं, तोंड निळ्या नायलॉन दोरीनं दोनदा आवळलेलं. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर कोंडाळ्याला टेकवून रात्रीत कुणीतरी ते ठेवून गेलं होतं. सकाळी कचरा उठावाची गाडी यायच्या आधी दूध घालायला आलेल्या पोराला ते हललेलं दिसलं. दोरी कापली तर आत मांजराची चार पिल्लं. दोन थंडगार पडलेली, दोन तोंड उघडत होती पण आवाज येत नव्हता.

पाच मिनिटांत पंचवीसेक माणसं जमली. “असल्यांचं हातच तोडाय पायजेत,” कुणी म्हणालं. चौघांनी व्हिडिओ काढले, ते दुपारपर्यंत सगळ्या गल्ल्यांच्या ग्रुपवर फिरले. अर्ध्या तासात गल्ली मोकळी झाली. मी घाईनं वाटीत गाईचं दूध आणून पिल्लांपुढं धरलं, आणि ओलं झालेलं पोतं नि ती दोरी कोंडाळ्यात टाकून हात धुतले. दोन्ही चुका होत्या. दूध त्या पिल्लांना सोसणारं नव्हतं, आणि पोतं हा पुरावा होता. एक पिल्लू दुपारी गेलं. दुसरं जगलं. आता ती चिंगी आहे.

हे २०२५ च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातलं. नांदणी मठाची महादेवी हत्तीण जुलैअखेरीस गुजरातमधल्या वनतारा या प्राणी-केंद्राकडे गेली होती, ३ ऑगस्टला नांदणीहून कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत मूक पदयात्रा निघाली होती, लोकांनी सह्या केल्या होत्या, वनतारा चालवणाऱ्या उद्योगसमूहाचा निषेध म्हणून सिमकार्डं बदलली होती. हत्तिणीनं मठात राहावं की उपचाराला जावं, यावर आमच्या घरातच दोन मतं होती. त्याआधी जोतिबा देवस्थानच्या ‘सुंदर’ नावाच्या हत्तीसाठी राग उसळला तो उलट बाजूनं: त्याला साखळीतून सोडवा म्हणून. २०१४ मध्ये तो बन्नेरघट्ट्याच्या प्राणी उद्यानात गेला. म्हणजे मुक्या जिवासाठी पेटून उठणं आपल्या मातीत आहे. पण हत्तीच्या पाठीशी मठ होता, संस्था होत्या, न्यायालय होतं. पोत्यातल्या पिल्लांच्या पाठीशी त्या सकाळी फक्त आपली गल्ली होती, आणि गल्लीतल्या कुणालाच पुढं काय करायचं ते ठाऊक नव्हतं. त्यानंतर मी डॉक्टरांना, वकिलांना, पोलीस ठाण्यातल्या ओळखीच्या हवालदारांना विचारून जे शिकलो, ते इथं लिहितो आहे.

आधी जीव. पिल्लू थंड असेल तर त्याच्या तोंडात काहीही घालू नका. गार पडलेल्या पिल्लाचं पोट चालत नाही, घातलेलं तसंच राहतं नि फुफ्फुसात जातं. बाटलीत कोमट पाणी भरा, तिला टॉवेल गुंडाळा, खोक्यात एका बाजूला ठेवा आणि पिल्लू शेजारी. दुसरी बाजू मोकळी ठेवा, म्हणजे ऊन लागलं तर त्याला सरकता येईल. पायाचे तळवे नि तोंड उबदार झालं की मगच भरवणं. मांजराच्या पिल्लांसाठी तयार दुधाची पावडर औषधांच्या आणि प्राण्यांच्या खाद्याच्या दुकानांत मिळते. ती कोमट पाण्यात कालवून, पिल्लाला पोटावर ठेवून, थेंबाथेंबानं सुई काढलेल्या सिरिंजनं द्यायची. बाळासारखं उताणं धरून कधीच नाही. डोळे उघडलेले नसतील, म्हणजे साधारण सात ते चौदा दिवसांच्या आतलं असेल, तर दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला आपणहून लघवीही करता येत नाही. भरवल्यावर ओल्या कोमट कापसानं मागची बाजू हळू पुसावी लागते, आई जिभेनं करते तसं.

मोठ्या मांजरालाही दूध हे अन्न नव्हे. गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध आपल्याला अमृत, पण बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही, जुलाब होतात.

आणि एक फरक मनात पक्का करून ठेवा. बांधलेल्या पोत्यातली पिल्लं उचलायचीच. पण जिन्याखाली, विटांच्या ढिगामागं, बंद गाड्याखाली उघड्यावर दिसलेली पिल्लं टाकलेली असतीलच असं नाही. भाटी शिकारीला गेलेली असते, किंवा एकेक पिल्लू दुसऱ्या जागी नेत असते. कुत्रं, पाऊस, रहदारी असा धोका समोर नसेल, तर लांब उभं राहून तीन-चार तास वाट बघा. दयाळूपणानं उचलून नेलेली कितीतरी पिल्लं आईवाचून मरतात, आणि आई दोन दिवस ती जागा हुंगत ओरडत फिरते.

जीव सुरक्षित झाला की पुरावा. इथं आपला राग सगळ्यात जास्त वाया जातो. व्हिडिओ काढताना आधी आजूबाजूची जागा घ्या: दुकानाची पाटी, गल्लीचा नंबर, विजेचा खांब. मग प्राणी, मग जखम, मग पोतं किंवा दोरी. मूळ फाइल मोबाईलमधून काढून टाकू नका. ग्रुपवर फिरून फिरून आलेली प्रत मूळ पुरावा ठरत नाही. पोतं, दोरी, काठी, विष कालवलेलं अन्न हे हातमोजे घालून कोरड्या कागदी पिशवीत ठेवायचं. प्लॅस्टिकमध्ये दमट होऊन सडतं. समोरच्या दुकानदाराला त्याच दिवशी भेटून सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवायला सांगा. बऱ्याच ठिकाणी आठ-पंधरा दिवसांत नवं चित्रण जुन्यावर चढतं.

प्राणी मेला असेल तर त्याला पुरायची घाई करू नका. हे लिहिताना मला त्या तीन पिल्लांना मातीआड करणारे आमचे शेजारीकाका आठवतात, डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. पण शवविच्छेदन झालं नाही तर विषानं मेलं की गाडीनं, हे कुणीच सांगू शकत नाही. मृतदेह बर्फात ठेवा, गोठवू नका, आणि पोलिसांच्या पत्रानिशी शक्यतो चोवीस तासांच्या आत सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या.

आता कायदा. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम ३२५ नुसार कुठल्याही प्राण्याला ठार मारणं, विष घालणं, अपंग करणं याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. जुन्या दंड संहितेत प्राण्याची किंमत दहा रुपये की पन्नास रुपये यावर कलम बदलायचं. आता किमतीचा प्रश्न उरलेला नाही, रस्त्यावरचं मांजरही त्यात येतं. हा दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलिसांनी एफआयआर नोंदवायचा, जागेवर येऊन पंचनामा करायचा, आणि एफआयआरची प्रत तुम्हाला फुकट द्यायची.

दुसरा कायदा १९६० चा, प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा. त्याचं कलम ११ फार बारकाईनं लिहिलं आहे. मारणं, लाथ घालणं, हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात ठेवणं, मालक असून अन्नपाणी-निवारा न देणं, उपाशी-तहानलेलं राहील अशा ठिकाणी सोडून देणं, हे सगळं त्यात आहे. आपल्याकडं घरातलं मांजर नकोसं झालं की पोत्यात घालून मटण मार्केटपाशी किंवा नदीपलीकडं “सोडून येतात”. लोक हे चारचौघांत सहज सांगतात. प्राणी उपाशी-तहानलेला राहील अशी जागा असेल, तर तो या कलमाखाली गुन्हा आहे. पाळलेल्या मांजराला अनोळखी भागात सोडलं तर तिथले बोके त्याला टिकू देत नाहीत, कुत्री सोडत नाहीत, आणि ते घराच्या दिशेनं चालत सुटतं. बरीच रस्त्यातच मरतात.

या कलमाचा दंड मात्र पहिल्या वेळी दहा ते पन्नास रुपये. कित्येक दशकांपूर्वी ठरवलेला. २०२२ मध्ये इंग्लंडमधल्या वेस्ट हॅम क्लबचा फुटबॉलपटू कुर्त झूमा यानं स्वतःच्या मांजराला लाथ मारली, त्याचा व्हिडिओ देशभर फिरला. तिथल्या न्यायालयानं त्याला १८० तास समाजसेवा आणि पाच वर्षं मांजर पाळायला बंदी अशी शिक्षा दिली. तिथंही आधी रागच उसळला होता, पण त्या रागाला टेकायला एक धड कायदा होता. आपल्याला पन्नास रुपयांच्या कायद्यावर काम भागवावं लागतं, म्हणून मृत्यू, विष किंवा कायमची इजा असेल तिथं तक्रारीत न्याय संहितेचं कलम ३२५ स्पष्ट लिहा.

१९६० च्या कायद्यात आणखी एक अट आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. घटनेपासून तीन महिन्यांनंतर त्याखाली खटला भरता येत नाही. तेव्हा “बघू, गणपती झाल्यावर” असं म्हणत बसू नका. राजारामपुरी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या: तारीख, वेळ, जागा, काय पाहिलं, कुणी पाहिलं. जे ऐकलं ते “ऐकलं” असंच लिहा. पोचपावती घ्या. तक्रार घेतली नाही तर तीच पोस्टानं पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते, आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. एक प्रत जिल्हा प्राणिक्लेश प्रतिबंधक समितीला, एक जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्तांना.

संशयिताचं नाव, घर, फोन नंबर, फोटो ग्रुपवर टाकू नका. आमच्या पोत्याच्या वेळी दुपारपर्यंत एका घराचं नाव फिरायला लागलं होतं, कारण काय तर त्यांच्याकडं महिन्याभरापूर्वी पिल्लं दिसली होती. ती पिल्लं त्यांच्याच माळ्यावर होती, चारी जिवंत. त्या बाईंनी दोन दिवस दार उघडलं नाही. चुकीचं नाव फिरवणाऱ्यावर बदनामीचा दावा होऊ शकतो, आणि खरं नाव असलं तरी सावध झालेला माणूस पुरावा नाहीसा करतो.

ज्यांच्यावर संशय गेला त्या बाईंविषयी लोकांचा मूळ आक्षेप वेगळाच होता: “मांजरं मोकाट सोडत्यात.” प्राणिप्रेमी गल्लीतलं अर्धं भांडण याच वाक्यावरून असतं. एकाला वाटतं मांजर बाहेर सोडणं हीच क्रूरता, दुसऱ्याला वाटतं मांजर कोंडणं हीच क्रूरता. कायदा यात फारसा पडत नाही. १९६० च्या कायद्याला हरकत आहे ती संसर्गजन्य रोग झालेला आपला प्राणी जाणूनबुजून रस्त्यावर फिरू देण्याला, आणि आजारी किंवा अपंग प्राण्याला रस्त्यावर मरायला सोडण्याला. निरोगी मांजर उंबऱ्याबाहेर गेलं म्हणून कुणी गुन्हेगार होत नाही.

जगातही एकमत नाही. ब्रिटनमध्ये मांजर फिरतं ठेवणं हीच रीत. ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या प्रदेशात १ जुलै २०२२ नंतर जन्मलेलं प्रत्येक मांजर मालकाच्या आवारातच ठेवावं लागतं. जर्मनीतल्या वाल्डॉर्फ गावात त्याच वर्षी, जमिनीवर घरटं करणाऱ्या चंडोलांसाठी मे ते ऑगस्ट मांजरं घरात ठेवण्याचा आदेश निघाला आणि तिथंही लोक खवळले. अमेरिकेतल्या २०१३ च्या एका अभ्यासाचा अंदाज असा की तिथली फिरती मांजरं वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात, त्यात मोठा वाटा बिनमालकी मांजरांचा. आपल्या कुंडीतल्या जास्वंदीवर शिंजीर घरटं बांधते, मीटरच्या पेटीमागं चिमणी. पोट भरलेलं मांजरही त्यांची शिकार करतं, कारण शिकार त्याच्या अंगात आहे. गळ्यात घुंगरू बांधून थोडं कमी होतं, थांबत नाही.

माझं मत स्वच्छ आहे: आजच्या राजारामपुरीत मांजरानं घरात राहावं. आमच्या लहानपणी घरं बैठी, परसदार मागं, धान्याच्या कणगीला उंदीर. मांजर अर्धं घराचं, अर्धं गल्लीचं असायचं आणि त्याचं कामही होतं. आता त्याच गल्लीत दुतर्फा चारचाकी लावलेल्या, मुख्य रस्त्यावर रात्री अकरापर्यंत रहदारी, अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये उंदराच्या औषधाच्या वड्या. विष खाल्लेला उंदीर मंद होतो, मांजराला तो आयता सापडतो. थंडीत आणि पावसात मांजर गाडीच्या इंजिनापाशी जाऊन झोपतं. सकाळी बॉनेटवर दोन थापा मारून मग गाडी सुरू करा, एवढ्यानं जीव वाचतो. बोक्यांच्या भांडणात चाव्यातून पसरणारे रोग आहेत, त्यातल्या काहींवर इलाजच नाही.

आणि विहिरी, खड्डे. ९ एप्रिल २०२४, गुढीपाडव्याच्या दिवशी नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात शेणाच्या स्लरीसाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. त्याला काढायला एक उतरला, त्याला काढायला दुसरा. पाच माणसं गेली. अशा खड्ड्यात तळाशी विषारी वायू साठलेला असतो, दोन श्वासांत माणूस खाली बसतो, मागून उतरणाऱ्याला कळतही नाही. मांजर, कुत्रं, कोंबडी, काहीही पडो, उतरू नका. अग्निशमन दलाला १०१ वर किंवा ११२ वर फोन करा, तोवर दोरीला टोपली किंवा गोणपाट बांधून खाली सोडा. मांजर नखं रोवून चढतं, ते शांत असेल तर टोपलीतही बसतं.

घरात ठेवायचं तर जाळी नीट हवी. आपल्या बाल्कनीच्या ग्रिलमध्ये चार इंचांची फट असते. मांजराचं डोकं जिथून जातं तिथून अंग जातं. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी मांजर महिन्याभरात कुरतडतं, खिडकीची मच्छरदाणीची जाळी एका उडीत फाटते. मी फॅब्रिकेटरकडून एक इंची चौकटीची गॅल्व्हनाइज्ड वेल्डेड जाळी आणली, ती ग्रिलला आतून तारेनं वीत-वीत अंतरावर बांधली, आणि खालच्या कडेला पट्टी ठोकून घेतली. भाड्याचं घर असेल तर एकच खोली अशी करा, बाकी दारं बंद ठेवायची सवय सगळ्यांना लावा. आमच्याकडं ती पोरांना आधी लागली, मोठ्यांना नंतर.

बाहेर फिरणाऱ्या मांजराला एका दिवसात कोंडू नका. दारावर नखं मारून ते रक्त काढतं. पहिल्या आठवड्यात फक्त जेवणाची वेळ पक्की करा, तिन्हीसांजेला, घरात. दुसऱ्या आठवड्यात जेवण झालं की दार बंद, सकाळी उघडायचं. रात्रीचे तास सगळ्यात धोक्याचे, तेवढे आत आले तरी खूप झालं. मग सकाळचं दार रोज थोडं उशिरा. दोन-तीन आठवडे ते रात्री ओरडेल. पहाटे तीनला एकदा दार उघडलंत की त्याला कळतं ओरडल्यावर उघडतं, आणि सगळी मेहनत पहिल्यापासून. त्याऐवजी झोपायच्या आधी दहा मिनिटं खेळवा, काठीला सुतळी नि सुतळीला चिंधी बांधून, धावून दमेपर्यंत, आणि मग खायला द्या. शिकार, जेवण, झोप हा त्याचा क्रम आहे. उंचावर एक फळी, बाहेर बघायला खिडकी, आणि नखं घासायला काथ्या घट्ट गुंडाळलेला लाकडी ठोकळा. सोफा वाचवायचा असेल तर ठोकळा सोफ्याच्या शेजारीच ठेवा.

शी-शूसाठी तसराळी किंवा ट्रे जितकी मांजरं तितके, आणि जमल्यास एक जास्त. बारीक वाळू चालते, लाकडाचा भुसाही. रोज उपसायचं. गरोदर बाईनं ते काम करू नये. बोका ट्रेमध्ये बसून कण्हतो आहे, पण लघवी होत नाही असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. नळी तुंबलेली असते, दिवस-दोन दिवसांत जीव जातो.

घरातही विषं आहेत, ती आधी उचला. तापाची पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला मारू शकते, म्हणून माणसाचं औषध कधी देऊ नका. कुत्र्यांच्या गोचिडांवरची परमेथ्रिन असलेली औषधं मांजराला लावू नका. डांबराच्या गोळ्या कपाटात बंद. लिलीची फुलं घरात नकोत. आणि फिनेल: आपण फरशी पुसतो, मांजर ओल्या फरशीवरून चालतं, पंजे चाटतं. साध्या साबणाच्या पाण्यानं पुसा आणि वाळेपर्यंत त्याला दुसऱ्या खोलीत ठेवा.

या सगळ्याच्या आधी मात्र नसबंदी. त्या पोत्याचं मूळ कुणाच्या दुष्टपणात असेलही, पण बहुतेक पोत्यांचं मूळ वेळेवर न केलेल्या शस्त्रक्रियेत असतं. भाटी चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, दिवस साधारण त्रेसष्ट ते पासष्ट भरतात, आणि वर्षात दोन-तीन वेतं सहज होतात. चौथ्या-पाचव्या महिन्यात डॉक्टरांना दाखवून तारीख ठरवा. “एकदा तरी पिल्लं व्हायला पाहिजेत” हे खरं नाही, तिच्या तब्येतीला त्याची काही गरज नसते. बोक्याचीही करा: फिरणं, भांडणं, भिंतीवर मारलेली पिचकारी, सगळं कमी होतं. मुंबई महापालिकेनं रस्त्यावरच्या मांजरांची नसबंदी हाती घेतली, पुण्यातही ते काम सुरू झालं. आपल्या गल्लीला थांबायची गरज नाही, चार घरांनी वर्गणी काढली तर गल्लीतल्या सगळ्या भाट्या एका हिवाळ्यात होतात. नेण्यासाठी महागडा पिंजरा नसला तरी चालतं. भाजीच्या एका प्लॅस्टिकच्या कॅरेटवर दुसरा उपडा ठेवून तारेनं आवळा, आत जुना टॉवेल, वरून चादर. अंधारात मांजर गप्प बसतं.

लसही त्याच फेरीत. आठ-नऊ आठवड्यांचं झाल्यावर तिहेरी लस, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, बारा आठवड्यांनंतर रेबीजची, आणि पुढं डॉक्टर सांगतील तशी. मांजरानं चावलं किंवा रक्त येईल असं ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सीपीआर या सरकारी रुग्णालयात जाऊन लस सुरू करा. हळद-चुना भरू नका.

मांजरं किती पाळायची, यालाही माया हा हिशेब नव्हे. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्यात हडपसरला एका फ्लॅटमध्ये तीनशेच्या वर मांजरं आढळली, शेवटी प्रशासनाला नोटीस काढावी लागली. जितक्यांना लस, नसबंदी, स्वच्छ ट्रे देता येतो तितकीच. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांत आहे. पण आपल्या मांजरानं शेजारच्या वाळूत केलेली घाण उचलणं आपलं काम आहे, आणि ते न सांगता केलं की अर्धी भांडणं होतच नाहीत.

ज्या घरावर खोटा आळ आला, तिथल्या सासूबाईंकडं मी नंतर गेलो. माफी मागायची होती, आणि त्यांच्या भाटीचं बोलायचं होतं. “आज्जी, तिचं ऑपरेशन करून आणू का?” त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, “कर बाबा, तेवढं कर. पण तिला कोंडाय लावू नगोस. मी बी दिवसभर ह्या चौकटीतच असत्या, तिनं तरी फिरावं.” मी वाद घातला नाही. ऑपरेशन झालं, लस झाली, ऑपरेशनच्या वेळीच तिच्या कानाचं टोक थोडं कापून खूण केली, म्हणजे पुन्हा कुणी तिला पकडून नेणार नाही. रात्री तेवढं तिला आत घेतात, आज्जींच्या पायथ्याशी. दिवसा ती कट्ट्यावर असते. मला हवं होतं तेवढं झालं नाही, पण त्या घरातून पुन्हा पिल्लं होणार नाहीत.

फिरणारं असो की घरातलं, राजारामपुरीत एक दिवस कुठलंच मांजर बाहेर नको: गणपतीच्या आगमनाचा. मुख्य रस्त्यावर साउंड सिस्टीमच्या भिंती लागतात, काचा थरथरतात, आणि मांजर घाबरून वाट फुटेल तिकडं पळतं. दुपारीच आत घ्या, रस्त्यापासून सगळ्यात आतल्या खोलीत, ट्रे, पाणी, कॅरेटवर चादर, आणि दारावर चिठ्ठी लावा, पाहुणे उघडतात. दिवाळीतही तेच.

तरी निसटलंच, तर लांब शोधत जाऊ नका. घाबरलेलं घरातलं मांजर बहुधा चार-पाच घरांच्या आत कुठंतरी दबा धरून असतं, आणि हाक ऐकूनही ओ देत नाही. दिवसा शेजाऱ्यांना जिन्याखालची, पाण्याच्या टाकीमागची, बंद गाळ्याची जागा उघडून बघायला सांगा. दाराशी त्याचं न धुतलेलं अंथरूण ठेवा. मिरवणूक संपून गल्ली निजली, साधारण दोन-अडीच वाजले, की एकट्यानं बाहेर पडा. टॉर्च कपाळापाशी धरून उभ्या गाड्यांखालून हळूहळू फिरवा. दोन हिरवे ठिपके चमकले की तिथंच खाली बसा, कॅरेटचं तोंड त्याच्या बाजूला उघडं करा, थोडी सुकी मासळी आत टाका, टॉर्च बंद करा, आणि रोज ज्या आवाजात जेवायला बोलावता त्याच आवाजात हळू बोलत राहा.